रविवारचे रिकामे हात

खाऱ्या पाण्याच्या मधोमध ज्याने गोड्या पाण्याची ओंजळ जपून ठेवली, नुसत्या वाळूतून ज्याने माड उभा केला आणि त्या माडाच्या माथ्यावर माणसाची तहान भागवायची सोय टांगली, त्या जगन्नियंत्याचे स्मरण आधी करावे आणि मगच मोतुफेताऊ बेटावरच्या सुलियाची कथा सांगावी. ही काही थोरामोठ्यांची कथा नाही. सुलियाने राज्य केले नाही, ग्रंथ रचला नाही, चमत्कार केला नाही. ती एका पाळकाची, ख्रिस्ती धर्मोपदेशकाची, बायको होती. परगावची मुलगी सासरच्या गावाची होऊन जाते, तशी ती त्या बेटाची झाली आणि त्या बेटाच्या वाळूतच मिसळून गेली. पण एका रविवारी समुद्र आपल्या जागेवरून उठला, तेव्हा ती त्याच्यासमोर उभी राहिली होती. आणि त्याच्याही आधी तिला स्वतःच्याच शब्दासमोर उभे राहावे लागले होते. ते जास्त अवघड होते.

जन्म तिचा समोआतल्या सावाई बेटावरचा. तिथे डोंगर आहेत, डोंगरांवर ढग आहेत, ढगांतून उतरणारे ओढे आहेत. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मिशनच्या गलबताने तिला आणि तिच्या नवऱ्याला, इओपूला, वायव्येकडच्या या सखल बेटांवर आणून सोडले. कठड्याला धरून ती कितीतरी वेळ समोर बघत होती.

“जमीन कुठाय?” तिने विचारले.

“ती काय, समोर.”

“ते तर माड आहेत. पाण्यातून उगवलेत.”

“माड आहेत म्हणजे खाली जमीन असणारच,” इओपू म्हणाला. “देवानं बोलावलंय, तर पाय टेकण्यापुरती तरी ठेवली असेल.”

होती, पाय टेकण्यापुरतीच होती. प्रवाळाचे एक भले मोठे कंकण. त्याच्या बाहेर अथांग समुद्र, आत शांत निळे पाणी, आणि दोहोंच्या मध्ये जी चिंचोळी पट्टी उरली तिच्यावर गाव. गावात उंडीची जुनी झाडे, खोल खणलेल्या खड्ड्यांतले अळू, नीरफणस, केतकी, आणि बाकी सगळे माड. बेटावरची सर्वांत उंच जागा म्हणजे देवळाची वरची पायरी.

शेजारी मेलाली नावाची म्हातारी राहत असे. जीभ तिखट, काळीज नीरेसारखे. पहिल्याच आठवड्यात ती सुलियाच्या अंगणात येऊन बसली आणि म्हणाली, “तुमच्याकडं देव डोंगरावर राहतो म्हणे. इथं त्याला आमच्याएवढंच उंच राहावं लागतं हो, पोरी. पाणी चढलं की त्याचेही पाय भिजतात.”

सुलियाने कानांवर हात ठेवले आणि मनातल्या मनात म्हातारीसाठी क्षमा मागितली. पुढे ती आपल्या या घाबरटपणाला हसत असे. तेव्हा हसू आले नाही. तेव्हा ती फार कडक होती. इओपूपेक्षाही कडक. तो उपदेश करायचा आणि विसरून जायचा. ती विसरत नसे. रविवार देवाचा. शनिवारीच अळू भाजून, मासा शिजवून ठेवायचा. रविवारी होडी लोटायची नाही, कोयता उचलायचा नाही, माडावर चढायचे नाही. एक सवलत इओपूने दिली होती, ती नीरेची. माडाच्या पोयीला, फुलोऱ्याला, सकाळ-संध्याकाळ काप दिला नाही तर नीरा आटते, आणि आईचे दूध आटलेल्या पोराला त्या बेटावर दुसरे काय पाजणार?

आणखी एक नियम होता, तो मात्र सुलियाने एकटीने घातलेला.

मोतुफेताऊच्या माणसांचे हात कधी थांबत नसत. नारळाची सोडणे आतल्या पाण्यात भिजत घालायची, कुजली की कुटायची, तंतू उन्हात वाळवायचे, आणि मग उभा जन्म ते तंतू मांडीवर वळायचे, वळून दोरी विणायची. गप्पा मारताना वळायचे, भांडताना वळायचे, मेलेल्यासाठी रडतानाही वळायचे. त्या बेटावर खिळा नव्हता. घर, होडी, होडीचा तोल धरणारी कडेची उलांडी, सगळे या काथ्याने एकमेकांना धरून ठेवलेले. पहिल्याच रविवारी सुलियाने पाहिले, की उपदेश चालू आहे आणि पुढच्याच चटईवर बसलेल्या मेलालीच्या मांडीवर दोरी सरसर लांबते आहे. ती उठली. सगळ्या मंडळीदेखत म्हातारीच्या हातातून तिने दोरी हलकेच काढून घेतली.

“मावशी, रविवारी हात रिकामे हवेत. रिकाम्या हातातच देव काहीतरी ठेवतो.”

मेलाली आपल्या हातांकडे परक्याचे असावेत तशी बघत राहिली. “मग यांना ठेवू कुठं?”

“मांडीवर.”

“मांडीवर ठेवले की ते वळायलाच लागतात गं.”

लोक हसले. पण पाळकीणबाईचा शब्द मोडायची तिथे रीत नव्हती. त्या दिवसापासून अवघी मंडळी रविवारी तळवे वर करून, हात रिकामे ठेवून बसू लागली. एका परक्या मुलीचा शब्द अख्ख्या बेटाने प्रेमाने मांडीवर घेतला. सुलियाला त्याचा अभिमान वाटे. तिचे पहिले तान्हे मूल गेले आणि तिथल्या पांढऱ्या वाळूत निजले, त्या रविवारीही ती तशीच बसली होती, तळवे वर करून.

बाकीच्या दिवसांची दोरी मात्र साठत होती. देवळाचे छप्पर जुने झाले होते. नवे बांधायचे, तर शेकडो गाठी लागणार. म्हणून म्हातारे रोज थोडे थोडे विणत आणि जोडत जात. प्रार्थना करून देवाला वाहिलेले ते वेटोळे व्यासपीठाशेजारी पडून असे, निजलेल्या डुकरिणीएवढे. त्याचे राखणदार होते मंडळीतले वडीलधारे तेआंगाई. उंच, सावकाश बोलणारे, आवाज असा की त्यांनी स्तोत्राचा खालचा सूर धरला की चटया थरथरत. त्या वेटोळ्यावर कोणी पोर बसले तर ते नुसते बघत. तेवढे पुरत असे.

*

त्या शनिवारी आतल्या पाण्यापलीकडच्या छोट्या बेटावरून होडी आली. तिकडचा एक म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता आणि त्याला पाळक हवे होते. इओपू निघाला. होडीत बसता बसता म्हणाला, “उद्या तर परत येता येणार नाही. रविवारी होडी लोटायची नाही असं कुणीतरी फार कडक माणसानं ठरवलंय.”

“तुम्हीच तर उपदेश केलात.”

“उपदेश मी केला. पाळायला तू लावलंस.” हसून त्याने वल्हे मारले.

रविवारी उजाडले ते तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखे. वारा नव्हता. माडाची झावळी हलत नव्हती. पण बाहेरच्या प्रवाळाच्या बांधावर लाटा फुटत होत्या. नेहमीच्या उगवतीच्या अंगाला नव्हे, मावळतीच्या. एकेक लाट सावकाश येई, दम घेई आणि अशी कोसळे की पायाखालची वाळू गुरगुरे. लांब शेपटीचे समुद्रपक्षी, जे एरवी माणसांच्या वस्तीत कधी उतरत नाहीत, ते गावात अंगणाअंगणांत येऊन बसले होते. माणूस जवळ गेला तरी उडत नव्हते.

लाउपुला म्हाताऱ्याने लाकडी नगारा वाजवला. हाच त्याचा धर्म. डोळे गेले होते, पण नगाऱ्याची वेळ कधी चुकली नव्हती. पांढऱ्या कपड्यांतली माणसे देवळात येऊन बसली. इओपू नव्हता म्हणून तेआंगाई उपदेशाला उभे राहिले. त्यांनी स्तोत्र धरले, मंडळीने उचलले, आणि त्या गाण्यातच उंबऱ्यावर खरखर सुरू झाली.

खेकडे येत होते. जमिनीतली बिळे सोडून, लहान-मोठे, शंख पाठीवर घेतलेले, न घेतलेले, उघड्या दारातून रांगेने आत आले. चटयांच्या कडेने गेले आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतींवर चढू लागले. कोणी किंचाळले नाही. गाणे थांबले नाही, पण पातळ होत गेले. माणसे बसून होती आणि ते मुके जीव वर, वर चढत होते, छपराकडे. सुलियाच्या मनात आले: आपण बोलावलेले लोक खाली बसले आहेत, आणि देवाने बोलावलेले भिंत चढताहेत!

“पोरी,” मेलालीने तिच्या कानाशी तोंड नेले, “पाणी येणार.”

“कशावरून?”

“लहान होते तेव्हा असंच आलं होतं. बापानं माडाच्या झावळ्या तोडल्या, वाऱ्याला धरायला काही ठेवलं नाही. मग आम्हाला शेंड्याला बांधलं. आमच्याकडं तेव्हा रविवार नव्हता,” म्हातारी म्हणाली, “म्हणून वाचलो.”

मागच्या चटयांवर कुजबुज वाढली. तेआंगाईंनी हात वर केला. “बसून राहा. देवाचा दिवस आहे. आपला दिवस देव सांभाळील.”

“तेआंगाईबाबा, माझी होडी तरी ओढून घेऊ द्या,” कोणीतरी म्हणाले.

“उद्या.”

“उद्या होडी कुठं असेल?”

“आणि तू कुठं असशील? नियम मोडून मोठं कुठं जाणार आहेस? हात रिकामे ठेव.”

सगळ्यांनी तळवे वर केले. शेकडो रिकामे तळवे! सुलियाने ते पाहिले. तेआंगाई निर्दय नव्हते. त्यांचे स्वतःचे नातू पुढेच बसले होते. ते फक्त तिचा शब्द पाळत होते. तिच्या शब्दाने बांधलेली ही माणसे, तिनेच सोडल्याखेरीज उठणार नव्हती. आणि सोडायचे म्हणजे काय? हे कोणाचे सांगणे होते? देवाचे, की तिच्या भीतीचे? बाहेर आकाश होते तसेच होते. पाऊस नव्हता, वारा नव्हता. उद्या काहीच झाले नाही, तर तिने अख्ख्या मंडळीला देवाचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, मोडायला लावलेला असेल, आणि वर्षभराचे नारळ कापून टाकलेले असतील.

ती उठली. त्या देवळात बाई कधी उपदेशाच्या वेळी उभी राहिली नव्हती. दोरी काढून घेताना तेवढी ती एकदा राहिली होती.

“तेआंगाईबाबा, आज सकाळी नीरा कुणी उतरवली?”

ते गोंधळले. “माझ्या थोरल्यानं.”

“माडावर चढून?”

“ती हाक मारल्यावर खाली येते का, पाळकीणबाई?”

हसण्याची एक बारीक लाट उठली आणि बसली.

“हातात कोयता होता?”

“होता. त्याशिवाय पोय कापणार कशी? तान्ह्यांसाठी तेवढी परवानगी पाळकांनीच दिलीये. तान्ह्याला रविवार कळत नाही, असं तेच म्हणाले.”

सुलिया एक पाऊल पुढे आली. “मग मला एवढंच सांगा, बाबा. हा समुद्र येतोय, त्याच्यापुढं आज या बेटावर तान्हं कोण नाही? तुम्ही नाही? मी नाही? ही मेलालीमावशी नाही?”

“मला दात नाहीत, मी तर आहेच,” मेलाली म्हणाली.

या वेळी कोणी हसले नाही. बांधावर एक लाट फुटली आणि तिचे तुषार उघड्या दारातून आत आले. आजवर ते इतक्या आत कधी आले नव्हते.

तेआंगाई तिच्याकडे वळले. “नियम तुमचा, पाळकीणबाई. तुम्ही म्हणाल तर सुटेल. पण दोष?”

“माझा. पाळकांना मी सांगीन. देवानं विचारलं तर त्यालाही मीच सांगीन.”

तेआंगाई व्यासपीठावरून उतरले. शेजारच्या वेटोळ्याशी गेले, वाकले, त्यावर हात ठेवून डोळे मिटले. मग कमरेचा चाकू काढून त्यांनी पहिला तुकडा स्वतः कापला.

“छप्पर नंतर बांधता येईल,” ते म्हणाले. “उठा.”

*

देव त्या दुपारी कसा हात देत होता ते बघणाऱ्यानेच बघावे! जे हात रिकामे होते ते कोयत्याने भरले. जाडजूड, म्हातारे, मुळे खोल गेलेले माड निवडले गेले. एकेक माड मुंडा होऊ लागला. झावळ्या धडाधड खाली येत, नारळाचे घडच्या घड सुटत. मधला कोंब तेवढा राखायचा, माड जिवंत राहावा म्हणून. खोडांना खाचा पाडल्या. म्हाताऱ्यांना दोरीने वर ओढले. पोरांना झावळ्यांच्या तुटक्या बुंध्यांच्या बेचक्यांत बसवून काथ्याचे वेढे दिले. दोरी मोजायला कोणी नव्हते. ज्याला जेवढी लागली तेवढी मिळत गेली आणि वेटोळे झिजत गेले. सुलिया खाली तुकडे कापत होती. तिच्या तळव्यांची साल निघाली होती.

आणि दुपार कलता कलता ऊन पडले.

चक्क ऊन. लाटाही जरा मंदावल्या. बेटभर मुंडे माड, आणि त्यांवर पांढऱ्या कपड्यांत बांधलेली माणसे! वरून कोणीतरी ओरडले, “पाळकीणबाई, उद्या या झावळ्या परत शिवायला बसू का?”

दुसरा म्हणाला, “त्या शिवायला दोरी तरी कुठं उरलीय!”

सुलियाने वर पाहिले नाही. ती दोरी कापत राहिली आणि मनात एकच घोकत राहिली: देवा, मला खोटी पाड. सगळ्यांसमोर खोटी पाड. उद्या हे सगळे मला हसू देत.

देवाने तेवढे मात्र ऐकले नाही.

मावळतीला काळी भिंत दिसली. ढग वाटला. मग त्या भिंतीच्या पायथ्याशी पांढरी रेघ दिसली, आणि आवाज आला. तो वाऱ्याचा नव्हता, पाण्याचाही नव्हता, जणू सगळी सृष्टी एकाच दमाने श्वास आत ओढत होती. “वर चल!” मेलाली तिच्या डोक्यावरून ओरडली. सुलिया डोंगरात वाढलेली, पण झाडावर ती जन्मात चढली नव्हती. खाचांत पाय घालत, खोडाला छाती घासत ती चढली. मेलालीने दोरी तिच्या कमरेभोवती घेऊन अशी गाठ मारली, की सुलियाचा श्वास अडकला.

“घट्ट झाली, मावशी.”

“होऊ दे. तू माझी दोरी काढून घेतलीस, मी तुला दोरीत घालतेय. आता हलू नकोस.”

तेवढ्यात देवळातून नगारा वाजू लागला. लाउपुला! त्याला तेआंगाईंच्या मुलांनी माडाशी आणून बसवले होते. धावपळीत तो आंधळा म्हातारा पायाखालची वाट ओळखत परत गेला होता. रविवारी देवाच्या घरात कोणीतरी असायला हवे, असे तो सकाळी म्हणाला होता, आणि ते कोणी मनावर घेतले नव्हते. तेआंगाईंच्या थोरल्याने खाली उतरायला गाठ सोडली, पण पांढरी रेघ बांधावर येऊन पोचली होती.

समुद्र उठला. हे शब्द लिहायला सोपे आहेत. जो रोज पायाशी लोळत असे, तो उभा राहिला, आणि उभा राहिल्यावर तो किती उंच आहे ते लोकांनी पहिल्यांदा पाहिले. तो बांधावर थांबला नाही, वाळूवर थांबला नाही. गावातून चालत आला, घरे अलगद उचलून बाजूला ठेवत आला. देवळाच्या पायऱ्या चढला. नगारा वाजत होता. पांढऱ्या भिंती हिरव्या पाण्यातून क्षणभर दिव्यासारख्या उजळल्या. मग नगारा थांबला, आणि भिंती नव्हत्या.

त्यामागून वारा आला. डोळे उघडता येईनात, तोंड उघडले तर वारा पोटात शिरे. माड वाकले, जमिनीला टेकतील इतके वाकले, आणि पुन्हा उठले. मुंड्या माथ्यांवर वाऱ्याला धरायला काही नव्हते. ज्या माडांच्या झावळ्या तशाच राहिल्या होत्या, ते काडीसारखे मोडून पाण्यात जाताना सुलियाने पाहिले. आपण किती लहान आहोत हे माणसाला शब्दांनी शिकवता येत नाही. त्या दिवशी तिला ते शिकवले गेले, आणि नवल असे, की त्या शिकण्यात भीती मागे पडली. एवढे मोठे कोणीतरी आहे! एवढे मोठे आहे, आणि तरी या काथ्याच्या एका गाठीला ते मोडत नाही! ती थरथरत होती, आणि तिचे ओठ स्तुती करत होते.

अंधारून येता येता अचानक सगळे थांबले. वर वर्तुळभर आकाश उघडले, त्यात एक चांदणी. खाली, जिथे गाव होते तिथे, पाणी निमूट चमकत होते. त्या शांततेत पलीकडच्या माडावरून तेआंगाईंचा सूर आला. सकाळी अर्धे राहिलेले स्तोत्र त्यांनी पुन्हा धरले. मग दुसऱ्या माडावरून एक सूर, तिसऱ्यावरून एक. दिसत कोणी नव्हते. झाडेच गात होती! सुलिया ऐकत होती, सूर ओळखत होती, कोण आहे, कोण आहे, आणि प्रत्येक ओळखलेल्या सुरागणिक तिचे डोळे भरून येत होते. बेटाचे सगळे सूर होते. कमी होती ती नगाऱ्याची.

“गाणं पुरे!” मेलाली खेकसली. “बाजू बदला! आता वारा उलटीकडून येईल. खोडाआड व्हा!”

हाक माडामाडांवरून पुढे गेली. अंधारात, ओल्या दोऱ्यांशी झुंजत, सगळे खोडाच्या दुसऱ्या अंगाला गेले. शेवटची गाठ बसते न बसते तोच वारा उलटीकडून आला, आणि आतले शांत निळे पाणीही बाहेरच्यासारखे उठले. इओपू त्याच पाण्यापलीकडे होता. त्या रात्रीत सुलियाने त्याचे नाव किती वेळा घेतले, ते त्या एका साक्षीदारालाच ठाऊक.

*

सकाळी पाणी आपल्या जागी गेले होते. जणू काही झालेच नाही, अशा चेहऱ्याने. माणसे खाली उतरली. घरे नव्हती. अळवाचे खड्डे खाऱ्या पाण्याने भरले होते. दफनभूमीची वाळू धुऊन गेली होती आणि तिच्याबरोबर सुलियाचे तान्हेही. ती तिथे उभी राहिली, तेव्हा मेलालीने नुसता तिचा हात धरला.

तेआंगाई आले. तोंड उघडले, तर आवाज फुटेना. रात्रभर ओरडून, गाऊन घसा गेला होता. ते कुजबुजले, “पाळकीणबाई, पुढचा उपदेश तुम्हीच करा. माझा आवाज त्यानं नेला.” मग हसता हसताच त्यांचे ओठ वाकडे झाले. “आणि लाउपुलाला नेलं. तो माझ्याच माडाखाली बसला होता.”

“दोष माझा म्हणाले होते मी,” सुलिया म्हणाली.

“नको. हा माझ्याकडं राहू द्या.”

आतल्या पाण्यावर होडी दिसली, ती मंगळवारी. उलांडी अर्धी तुटलेली, चालीत लंगडी. इओपू! सुलिया कमरेएवढ्या पाण्यात धावली. तिकडची सगळी माणसे वाचली होती. पण तो तिच्याकडे बघेना. होडीतून उतरला आणि मान खाली घालून म्हणाला, “सुलिया, मंडळीला सांगायच्या आधी तुला सांगायचंय. मग तू काय म्हणायचं ते म्हण.”

“काय झालं?”

“रविवारी मी कोयता उचलला. मीच माडावर चढलो, झावळ्या तोडल्या, आणि सगळ्यांना चढवलं. प्रार्थना अर्धी टाकून. वाटभर विचार करतोय, तुला तोंड कसं दाखवू.”

सुलियाने त्याचे हात उलटे केले. तळवे फोडांनी भरले होते. तिने आपले तळवे त्यांच्या शेजारी धरले.

मग त्या दोघांना जे हसू आले, ते आवरेना. आणि हसता हसता दोघे त्याच पाण्यात बसून रडली.

पुढच्या रविवारी मुंड्या माडांखाली, उघड्या आभाळाखाली मंडळी जमली. नगारा नव्हता, लोक आपसूक आले. बसल्यावर सवयीने सगळ्यांनी तळवे वर केले. तेव्हा सुलिया उठली. वाळूवर वाळत घातलेल्या, कुटलेल्या सोडणांचा एक भारा तिने उचलला, मेलालीसमोर गुडघे टेकले आणि तो तिच्या मांडीवर ठेवला.

“रविवार आहे ना आज?” मेलाली म्हणाली.

“आहे. वळा, मावशी.”

“म्हातारपणी इतका उपास घडवलास माझ्या हातांना,” मेलाली म्हणाली, आणि तिची बोटे चालू लागली.

ते वर्ष उपासमारीचे गेले, पण राखलेल्या कोंबांतून माडांनी पुन्हा झावळ्या धरल्या. देऊळ पुन्हा उभे राहिले. नवा नगारा झाला, त्याला लोक लाउपुलाच म्हणत. मिशनने परत बोलावले तेव्हा इओपू आणि सुलिया गेली नाहीत. आधी मेलाली वारली, मग तेआंगाई, मग इओपू. सुलिया म्हातारी झाली. देवळात पुढच्याच चटईवर बसे, आणि उपदेश चालू असताना तिच्या मांडीवर दोरी सरसर लांबत जाई.

एका वर्षी गलबताने नवा पाळक आणला. तरणाबांड, तिच्याच सावाईच्या डोंगरातला, फार कडक. पहिल्याच रविवारी त्याने व्यासपीठावरून ते पाहिले. तो खाली उतरला. आधीच्या पाळकांच्या म्हाताऱ्या विधवेला दुखवू नये अशा बेताने त्याने तिच्या हातातल्या दोरीचे टोक हलकेच धरले.

सगळी मंडळी तिकडे वळली.

सुलियाने वर पाहिले. तिच्या चेहऱ्यावर असे हसू उमटले, की त्याला टोक सोडता येईना.

“धरलंस ना?” ती म्हणाली. “मग ढिलं सोडू नकोस. ओढून धर, पीळ चांगला बसतो. आणि बोलत राहा बाळा, मी ऐकतेय.”

तो तसाच उभा राहिला, हातात दोरीचे टोक घट्ट धरून, आणि पुढचा सगळा उपदेश त्याने तिथूनच केला.